राष्ट्राध्यक्षांचं कवच, तुमची नोकरी आणि शनिवारचा फुटबॉल : अमेरिकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सप्टेंबर ते जानेवारी या काळात चारचौघांच्या गप्पा फिरून फिरून तीन विषयांवर येतात : वॉशिंग्टनमध्ये काय चाललंय, कोणाच्या कंपनीत लेऑफ आहे आणि शनिवारी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये कोण हरलं. नव्याने आलेली मराठी मंडळी आणि नाशिक-सांगलीहून फोन करणारे नातेवाईकही याच तीन गोष्टींबद्दल विचारतात. वरवर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण थोडं उकरलं की तिन्हीकडे एकच भांडण निघतं : कोण कोणाला काढू शकतं, आणि काढणाऱ्याला जाब कोण विचारणार. म्हणून तिन्ही विषय एकाच पानावर घेतले आहेत. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. स्वतःवर प्रसंग आला तर त्या राज्यातला वकील गाठा. मतं माझी आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

## राष्ट्राध्यक्ष आणि कायदा

अमेरिकेच्या अध्यक्षावर आता कुठलाच खटला भरता येत नाही, हे खरं का?

नाही. पण त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ही समजूत जात नाही. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ट्रम्प विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी अध्यक्षाच्या कृत्यांचे तीन थर पाडले. राज्यघटनेने केवळ अध्यक्षालाच दिलेले अधिकार, उदाहरणार्थ गुन्हेगाराला माफी देणं, वापरले म्हणून फौजदारी खटला कधीच होणार नाही. बाकीच्या सरकारी कामकाजाला संरक्षण आहे असं गृहीत धरायचं, आणि ते गृहीतक मोडून काढायची जबाबदारी सरकारी वकिलाची. खासगी कृत्यांना काहीच संरक्षण नाही.

इथवर ठीक वाटतं. मेख पुढे आहे. कृत्य सरकारी की खासगी हे ठरवताना न्यायालयाने अध्यक्षाच्या हेतूत शिरायचं नाही. शिवाय संरक्षित सरकारी कृत्यं दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणूनही ज्यूरीपुढे आणायची नाहीत. हा शेवटचा भाग बहुमतातल्याच न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांना पटला नाही. लाच घेऊन सरकारी काम केल्याचा आरोप असेल आणि त्या कामाचा उल्लेखच करायचा नसेल, तर लाच सिद्ध करायची कशी? मला त्यांचं म्हणणं बिनतोड वाटतं. तीन थर एकवेळ समजून घेता येतात. पुराव्यावरची बंदी मात्र अति झाली.

विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलं की सरकारी सत्ता वापरताना अध्यक्ष आता कायद्याच्या वर बसलेला राजा झाला आहे. नौदलाच्या कमांडोंना राजकीय प्रतिस्पर्ध्याची हत्या करायला सांगितलं तरी संरक्षण, असं त्यांचं उदाहरण. जेवणाच्या टेबलावर लोक हे उदाहरण निकालाचाच भाग असल्यासारखं सांगतात. ते निकालात नाही, निकालाच्या विरोधातल्या इशाऱ्यात आहे.

हे संरक्षण त्यांच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे का?

नाही. सभागृहातल्या भाषणासाठी खासदारांना घटनेत संरक्षण आहे, अध्यक्षासाठी तसं एक वाक्यही नाही. हे कवच न्यायालयांनी घडवलं, आणि त्याची सुरुवात झाली ती एका माणसाच्या नोकरीवरून. हा किस्सा फारसा सांगितला जात नाही, म्हणून जरा सविस्तर.

अर्नेस्ट फिट्झजेराल्ड हे हवाई दलात खर्चाचं विश्लेषण करणारे नागरी अधिकारी. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, उपसमितीपुढे साक्ष दिली की सी-५ए या अजस्र मालवाहू विमानाचा खर्च अंदाजापेक्षा सुमारे २०० कोटी डॉलरने वाढू शकतो. वरिष्ठांच्या पोटात गोळा आला. जानेवारी १९७० मध्ये ‘पुनर्रचने’त त्यांचं पद गेलं. (पुनर्रचना या सबबीला देशांच्या सीमा नसतात.) तीन वर्षांनी पत्रकार परिषदेत अध्यक्ष रिचर्ड निक्सन म्हणून गेले की तो निर्णय माझाच होता. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने सारवासारव केली : अध्यक्षांचा दुसऱ्याच प्रकरणाशी गोंधळ झाला. १९७३ मध्ये सिव्हिल सर्व्हिस कमिशनने त्यांना परत कामावर घ्यायचा आदेश दिला. फिट्झजेराल्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी निक्सन यांच्यावर भरपाईचा दावा लावला.

तो दावा १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ असा फेटाळला गेला. अधिकारकक्षेच्या अगदी बाहेरच्या परिघापर्यंतच्या कृत्यांसाठी अध्यक्षाकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही, असं ठरलं. गंमत म्हणजे निक्सन यांनी निकालाआधीच समझोत्यात १,४२,००० डॉलर दिले होते आणि हरलो तर आणखी २८,००० देईन असं कबूल केलं होतं. ते २८,००० वाचले. त्याच दिवशी त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्धच्या जोडखटल्यात न्यायालय म्हणालं की सल्लागारांना मात्र असं संपूर्ण संरक्षण नाही. ४२ वर्षांनी रॉबर्ट्स यांनी दिवाणी भरपाईतला हाच ‘बाहेरचा परीघ’ उचलून फौजदारी गुन्ह्यांना लावला.

खासगी वागणुकीबद्दल अध्यक्ष पदावर असताना दावा चालतो?

दिवाणी दावा चालतो. १९९७ चा ‘क्लिंटन विरुद्ध जोन्स’ हा निकाल एकमताने झाला. पॉला जोन्स या आर्कान्सा राज्य सरकारच्या कर्मचारी, क्लिंटन तेव्हा तिथले गव्हर्नर; आरोप लैंगिक छळाचा. या दाव्यात अध्यक्षांचा फार वेळ जाणार नाही, असं न्यायालयाला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याच दाव्यातल्या जबानीतून महाभियोग उभा राहिला. शेवटी नोव्हेंबर १९९८ मध्ये साडेआठ लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे अध्यक्षांच्या संरक्षणावरचे दोन मोठे निकाल, आणि दोन्हींत समोर उभा सरकारी कर्मचारी.

फौजदारीचं वेगळं. पदावरच्या अध्यक्षावर केंद्रीय सरकारी वकिलांनी आरोपपत्र ठेवायचं नाही, हे न्याय खात्याचं स्वतःचं धोरण आहे. १९७३ आणि २००० च्या टिपणांत ते मांडलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर त्यांच्यावरचे केंद्रीय खटले आवरते घेतले गेले ते याच धोरणामुळे.

न्यूयॉर्कमध्ये तर ते दोषी ठरले होते ना?

हो, ३० मे २०२४ रोजी ३४ आरोपांवर. तो राज्याचा खटला, व्यवसायाच्या हिशेबातल्या खोट्या नोंदींचा. १० जानेवारी २०२५ रोजी शिक्षा सुनावली गेली ती ‘बिनशर्त मुक्तता’ अशी : दोष कायम, तुरुंग नाही, दंडही नाही. राज्याच्या गुन्ह्यात अध्यक्ष स्वतःला माफी देऊ शकत नाही. माफीचा अधिकार फक्त केंद्रीय गुन्ह्यांपुरता आहे.

महाभियोग आहे की! मग न्यायालय कशाला?

महाभियोगाने फार तर पद जातं, पुन्हा पद भूषवायला बंदी येते. आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), क्लिंटन (१९९८-९९) आणि ट्रम्प (२०१९-२० आणि २०२१) यांच्यावर महाभियोग झाला. एकदाही दोष सिद्ध झाला नाही. जॉन्सन एका मताने वाचले. त्यांचा मुख्य अपराध काय? काँग्रेसच्या कायद्याला न जुमानता युद्धमंत्र्याला नारळ दिला, हा.

भारतात कसं आहे? आपल्याकडे पंतप्रधानांना असं कवच आहे?

नाही. अनुच्छेद ३६१ चं संरक्षण राष्ट्रपती आणि राज्यपालांना आहे. पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही आणि आधीची चालूही ठेवता येत नाही. पद सुटलं की हे फौजदारी संरक्षण संपतं. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्याला ते नाहीच. महाराष्ट्रात ए. आर. अंतुले यांना १९८२ च्या जानेवारीत सिमेंट प्रकरणातल्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं आणि पुढे वर्षानुवर्षं खटल्याला तोंड द्यावं लागलं, ते त्यामुळेच.

असं कवच आणायचा प्रयत्न मात्र झाला होता. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, राष्ट्रपती, पंतप्रधान आणि राज्यपालांना फौजदारी कारवाईपासून आयुष्यभराचं संरक्षण देणारं ४१ वं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मंजूर झालं. लोकसभेत ते पुढे नेलंच नाही. त्या काळात जे मागे ठेवलं गेलं ते अमेरिकेत न्यायालयाच्या निकालाने बरंचसं मिळालं, यावर वाटेल तेवढा वेळ वाद घालता येईल.

## नोकरी

‘उद्यापासून येऊ नका’ असं खरंच सांगू शकतात? नोटीस पीरियड नाही?

सांगू शकतात. इथे बहुतेक नोकऱ्या ‘ॲट-विल’ असतात : कारण देऊन, न देऊन, चुकीचं कारण देऊनसुद्धा कधीही काढता येतं, आणि तुम्हीही कधीही सोडून जाऊ शकता. दोन आठवड्यांची नोटीस ही रीत आहे, कायदा नाही. मोंटाना हे एकच राज्य याला अपवाद. तिथे १९८७ च्या कायद्यानुसार परिवीक्षा काळ संपल्यावर काढायला योग्य कारण लागतं. युनियनच्या करारात किंवा लेखी कंत्राटात वेगळं लिहिलं असेल तर तेही चालतं.

पुण्यात तीन-तीन महिन्यांच्या नोटीस पीरियडने वैतागलेल्या मंडळींना सोडून जायची मुभा ऐकून आनंद होतो. ग्रॅच्युइटीही नाही हे कळलं की तो ओसरतो.

मोठ्या प्रमाणावरच्या लेऑफला मात्र १९८८ चा ‘वॉर्न’ कायदा आहे. १०० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला साधारणपणे ६० दिवस आधी सूचना द्यावी लागते. म्हणूनच कधी कधी लॅपटॉप आज बंद होतो आणि पगार दोन महिने येत राहतो.

मग बेकायदा काढणं म्हणजे नेमकं काय?

वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यावरून काढलं तर (१९६४ चा नागरी हक्क कायदा, किमान १५ कर्मचारी). वय ४० किंवा जास्त असल्यामुळे काढलं तर (१९६७ चा कायदा, किमान २० कर्मचारी). अपंगत्वामुळे काढलं तर (१९९०). किंवा तुम्ही यातल्या कशाबद्दल तक्रार केली म्हणून सूड उगवला तर. ‘मॅनेजरला माझा चेहरा आवडत नाही’ हे कारण यात बसत नाही. त्याने ‘तुम्हा भारतीयांना’ अशी सुरुवात केली असेल, तर बसू शकतं.

तक्रार ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे करायची. मुदत १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३००. आपली माणसं ‘जाऊ दे, नवी नोकरी शोधतो’ म्हणत ही मुदत घालवतात. तारखा, ईमेल आणि कोण काय म्हणालं ते नोकरी चालू असतानाच लिहून ठेवा, पण कंपनीच्या लॅपटॉपवर नको.

काढताना पैसे देऊन एका कागदावर सही मागतात. लगेच करू?

करू नका. त्या कागदावर बहुधा ‘मी दावा लावणार नाही’ असं लिहिलेलं असतं. पैसे त्याचेच असतात. तुमचं वय ४० किंवा जास्त असेल आणि वयाच्या भेदभावाचा हक्कही त्यात सोडून घेत असतील, तर विचार करायला किमान २१ दिवस मिळालेच पाहिजेत, सामूहिक लेऑफमध्ये ४५. सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. एचआरची बाई कितीही गोड बोलली तरी या मुदती तिच्या मेहेरबानीवर नाहीत.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर?

जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची मुदत, यातलं जे आधी संपेल ते. त्या अवधीत नवीन कंपनीने अर्ज दाखल करावा, तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करावा, किंवा देश सोडावा. मुलांची शाळा, घराचं कर्ज, ग्रीन कार्डची रांग असं सगळं या ६० दिवसांत कोंबायचं. ॲट-विलची खरी धार इथे लागते. गोऱ्या सहकाऱ्याची फक्त नोकरी जाते.

बाळंतपणाची रजा किती?

केंद्रीय कायद्याने बिनपगारी १२ आठवडे (१९९३ चा कायदा), तेही कंपनीत ५० कर्मचारी असतील आणि तुम्ही वर्षभर पुरेसे तास भरले असतील तर. भारतात २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी आहेत, हे इथल्या मैत्रिणींना सांगून बघा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी आपापली भरपाईची योजना काढली आहे.

ऑफिसात राजकारणावर बोललो तर काढतील का? अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य आहे ना?

आहे, पण सरकारच्या विरोधात. पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, तुमच्या कंपनीचे नाही. खासगी कंपनी तुमच्या समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून तुम्हाला घरी बसवू शकते, आणि बहुतेक राज्यांत ते कायदेशीर आहे. कॅलिफोर्नियात राजकीय कार्यावरून कर्मचाऱ्यांवर दबाव आणायला बंदी आहे. न्यूयॉर्कमध्ये कामाच्या वेळेबाहेर आणि कंपनीच्या जागेबाहेर केलेल्या प्रचारासारख्या गोष्टींना संरक्षण आहे. कॅन्टीनमधल्या वादावादीला कुठेच फारसं नाही.

सरकारी नोकरांचं उलटं : मालकच सरकार असल्यामुळे त्यांना थोडं घटनात्मक संरक्षण मिळतं, पण १९३९ च्या हॅच कायद्यामुळे केंद्रीय कर्मचाऱ्यांना ड्युटीवर असताना पक्षाचा प्रचार करता येत नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या कायद्यातून वगळलेले आहेत.

आपल्या सवयीबद्दल एक सांगतो. मराठी माणसाला राजकारणावर मत नसणं म्हणजे जेवणात मीठ नसणं. इथे मात्र जवळच्या सहकाऱ्याने कोणाला मत दिलं हे दहा वर्षं ठाऊक नसतं. त्याला तुटकपणा समजू नका. नोकरी ॲट-विल असली की माणसं आपोआप तोंड सांभाळतात.

पगार किती हे सहकाऱ्याला सांगितलं तर?

बिनधास्त सांगा. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने खासगी क्षेत्रातल्या बहुतेक बिगर-मॅनेजर कर्मचाऱ्यांना पगार आणि कामाच्या अटींवर आपापसात बोलायचा हक्क दिला आहे, युनियन असो वा नसो. ‘पगार गोपनीय ठेवा’ असं कंपनीच्या नियमावलीत लिहिलेलं असलं तरी या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तो नियम टिकत नाही.

अध्यक्ष स्वतः कोणालाही काढू शकतात का?

यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. १९२६ मध्ये ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या पोस्टमास्तरच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, सिनेटला न विचारता काढता येतं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश विल्यम टाफ्ट हे स्वतः माजी अध्यक्ष! १९३५ मध्ये मात्र फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी व्यापार आयोगाच्या सदस्याला मनमानी काढलं ते चुकीचं ठरलं. तो सदस्य तोवर वारला होता. थकलेल्या पगारासाठी त्याच्या इस्टेटीच्या व्यवस्थापकाने दावा चालवला. या निकालाच्या आधारावर स्वतंत्र आयोग उभे राहिले.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १९३५ च्या त्याच कामगार कायद्याखालचे वाद निवडणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या सदस्य ग्विन विल्कॉक्स यांना काढलं आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दावा चालू असेपर्यंत त्यांना बाहेर ठेवायची मुभा दिली. त्या वर्षी बराच काळ मंडळाकडे निर्णयाला लागणारी सदस्यसंख्याच नव्हती. म्हणजे तुम्हाला बेकायदा काढलं की नाही हे ठरवणारी माणसंच काढली गेली होती.

## शनिवारचा फुटबॉल

कॉलेजच्या मॅचला एक लाख लोक? खरंच?

मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ते भरतं. ते ज्या गावात आहे त्या ॲन आर्बरच्या एकूण वस्तीच्या जवळपास. लाखाच्या वरची अशी आणखीही मैदानं आहेत, आणि एकही व्यावसायिक संघाचं नाही. कारण सोपं आहे : अलाबामा, नेब्रास्का, आयोवा अशा राज्यांत अव्वल व्यावसायिक लीगचा संघच नाही. विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. कॉलेजचं तोंडही न पाहिलेला ट्रकचालक त्यासाठी जीव टाकतो.

नियम दोन वाक्यांत सांगता येतील?

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार, नाही तर चेंडू समोरच्याला. शेवटच्या पट्ट्यात नेला तर सहा गुण आणि वर एक किंवा दोन कमवायची संधी, लाथेने खांबांमधून मारला तर तीन. बाकी नियम बघणाऱ्यांपैकी अर्ध्यांनाही ठाऊक नसतात.

कोचला कोट्यवधी डॉलर, तेही काढल्यावर?

हो, कारण कोच ॲट-विल नसतो. त्याचं कंत्राट असतं, आणि गैरवर्तनाशिवाय काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे द्यावे लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना काढलं. देणं सुमारे ७.६ कोटी डॉलर. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा गव्हर्नर नसून फुटबॉलचा कोच असतो. त्याच विद्यापीठातल्या सफाई कामगाराला काढायचं असेल तर असल्या कंत्राटाची अडचण येत नाही.

खेळाडूंना पगार मिळतो का?

कालपरवापर्यंत शिष्यवृत्ती, राहणं-जेवण आणि थोडाफार खर्च एवढंच. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात ९ विरुद्ध ० असा कौल दिला की शिक्षणाशी संबंधित लाभांवर एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशव्यापी नियामक संघटना, अशी मर्यादा घालू शकत नाही. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांनी वेगळं मत जोडून सुनावलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. हेच कॅव्हानॉ तीन वर्षांनी अध्यक्षांच्या खटल्यात सहा जणांच्या बहुमतात होते. दोन्ही प्रकरणं कायद्याच्या दृष्टीने वेगळी आहेत, हे मान्य. तरी दोन निकालपत्रं शेजारी ठेवून वाचताना भुवई वर जातेच.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातीला वापरून कमवायची मुभा मिळाली. मग जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी मिळाली : जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटू शकतं. त्यातला मोठा हिस्सा अर्थातच फुटबॉलचा.

मग ते कर्मचारी नाहीत का?

या पानावरचा सगळ्यात चिघळलेला प्रश्न हाच. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या जखमी फुटबॉलपटूला कामगार म्हणून भरपाई दिली. चार वर्षांनी त्याच राज्यात, मैदानावरच्या दुखापतीने जीव गमावलेल्या एका खेळाडूच्या विधवेला ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं कारण देऊन. एनसीएएने खेळाडूंना ‘विद्यार्थी’ म्हणून ठसवण्याचा आग्रह धरला तो याच काळात, भरपाईचे दावे टाळण्यासाठी.

मार्च २०१४ मध्ये कामगार मंडळाच्या शिकागोतल्या प्रादेशिक संचालकाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे शिष्यवृत्तीवरचे फुटबॉलपटू कर्मचारी आहेत असं म्हटलं. आठवड्याला ४० ते ५० तास, कोचच्या हुकमात, शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात. आणखी काय हवं? खेळाडूंनी युनियनसाठी मतदानही केलं. ऑगस्ट २०१५ मध्ये मंडळाने या प्रकरणात हात घालायला नकार दिला आणि त्या मतपत्रिका कधी मोजल्याच गेल्या नाहीत. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ असा युनियनचा कौल दिला; मंडळाची रचना बदलणार हे दिसताच वर्ष संपताना त्यांनी अर्ज मागे घेतला. जुलै २०२४ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने मात्र म्हटलं की किमान वेतनाच्या कायद्याखाली काही खेळाडू कर्मचारी ठरू शकतात.

माझं मत : जो माणूस कोचच्या वेळापत्रकाने उठतो, सरावाला आला नाही तर जागा गमावतो आणि आता विद्यापीठाकडून थेट पैसे घेतो, तो कर्मचारी आहे. याला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, महिलांचं रोइंग असे कितीतरी खेळ चालतात; तो पैसा पगारात गेला तर आधी हे संघ बंद पडतील.

अध्यक्षांना यात पडायचं काय कारण?

नवीन नाही. १९०५ मध्ये मैदानावर मुलं मरू लागली तेव्हा थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढे एनसीएए जन्माला आली. डिसेंबर १९६९ मध्ये निक्सन टेक्सास-आर्कान्सा सामना बघायला गेले आणि १५-१४ असा निसटता जिंकलेल्या टेक्सासला राष्ट्रीय विजेते जाहीर करून आले. त्या मोसमात एकही सामना न हरलेलं पेन स्टेट विद्यापीठ खवळलं. (फिट्झजेराल्ड यांचं पद गेलं ते पुढच्याच महिन्यात.) निक्सन यांना १९७४ मध्ये माफी देणारे जेराल्ड फोर्ड हे मिशिगनच्या विजेत्या संघात सेंटर या जागी खेळलेले. २० जानेवारी २०२५ रोजी दुपारी ट्रम्प यांचा शपथविधी झाला आणि रात्री कॉलेज फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ हरवलं; कोणता कार्यक्रम मोठा, यावर ओहायोत दुमत नव्हतं. त्याच वर्षी जुलैत ट्रम्प यांनी कॉलेज खेळ ‘वाचवण्याचा’ आदेश काढला. खेळाडूंच्या दर्जाबद्दल भूमिका स्पष्ट करायचं काम त्यात कामगारमंत्री आणि त्याच कामगार मंडळाकडे सोपवलं आहे.

मला यातलं काही कळत नाही. सोमवारी ऑफिसात काय बोलू?

‘तुमचं कॉलेज कुठलं?’ एवढं विचारा. पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही. समोरचा मिशिगनचा असेल तर ओहायो स्टेटची स्तुती करू नका, आणि उलटही. इथे राजकारणावरून क्वचितच कोणी उघड भांडतं, यावरून भांडतात.

एखादा संघ आपला म्हणायचा असेल तर कोणता घ्यावा?

इथे एमएस केलं असेल तर प्रश्नच नाही, तेच विद्यापीठ. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास घर असेल तर रटगर्स विद्यापीठ. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी देशातला पहिला कॉलेज फुटबॉलचा सामना तिथेच, न्यू ब्रन्सविकमध्ये झाला आणि रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. पुढच्या दीडशे वर्षांच्या निकालांची चौकशी तिकीट काढण्याआधी करू नका. आणि मैदानात जाताना पिशवी पारदर्शकच न्या, नाही तर डब्यासकट दारातून परत पाठवतील.